मदत हवी आहे : बीम ६ वरच अडकलेत

अनगोळकर_०७
दीड महिना झाला, बीम (पुल-अप) सहाच्या वर जाईनात. रोज मारायलोय, प्रत्येक सेट हात सुटेपर्यंत. एकजण म्हणतोय फेल झाल्याशिवाय, म्हणजे पुढचा एकही निघेना इथपर्यंत मारल्याशिवाय, ताकद वाढत नाही, दुसरा म्हणतोय फेल होऊच नको. कुणाचं ऐकू? लवकर सांगा, दिवस कमी आहेत.

शहापूरचा
कशाला कमी? भरती आहे का? सेट किती, वजन किती, मारतोस कधी? काहीच लिहिलं नाहीस, सांगायचं काय?

अनगोळकर_०७
अग्निवीर. वजन ६१. पाच सेट : ६, ४, ३, २, २. रात्री मारतो.

निपाणीकर
आधी रनिंग बघ. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत आलं तर ६० मार्क. बीमचे १० मारून ४०च मिळतात. बूट कुठले वापरतोस?

अनगोळकर_०७
रनिंग होतंय ओ, रोज पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात. बीमचं विचारलंय. सहाला १६ मार्क, नवाला ३३. निम्मे मार्क तिथंच जायलेत.

तालीमवाले काका
फेल व्हायलाच पाहिजे. आमचे वस्ताद मोजू द्यायचे नाहीत. अंगाखालची माती भिजेपर्यंत जोर मारायचे. दोर चढ, महिन्यात दहा होतील.

खानापूर_फिटनेस
काका, मीही तालमीतलाच. पाचशे जोर निघतात कारण एकेक जोर हलका असतो. शेवटच्या जोराला कोण तोंडावर पडत नाही. याला फेल म्हणत नाहीत.
अनगोळकर, तुझे सतरा बीम झाले, त्यातले निम्मे तरी पाय झाडत मारलेले असणार. सहा सेट चार-चारचे मार, मध्ये तीन मिनिटं थांब. चोवीस होतात, सगळे स्वच्छ. एक-दोन हातात राखून थांबलं तरी स्नायू जवळपास तेवढाच वाढतो. उचलायचं वजन हलकं असेल तर मात्र फेलच्या जवळ जावं लागतं, कारण दमल्याशिवाय सगळे तंतू कामाला लागत नाहीत. बीमला अख्खं अंग उचलायचं असतं, तिथं ते लवकर लागतात.

बायसेप_बेळगाव
बॉडीबिल्डर डोरियन येट्स १९९२ ते १९९७ सलग सहा वेळा मिस्टर ऑलिम्पिया झाला. मोजकेच सेट, पण पूर्ण फेल. त्याला काय कळत नव्हतं का?

खानापूर_फिटनेस
कळत होतं, म्हणूनच तो एक भाग आठवड्यातून एकदाच मारायचा. हा रोज मारतोय. तेवढा आराम आहे का याला? अनगोळकर, दिवसभर काय करतोस?

अनगोळकर_०७
उद्यमबागला फाउंड्रीत, मोल्डिंगला. दुसरी पाळी. सुटल्यावर मैदानात बीम, मग घरी. बॉक्स उचलायचे असतात, पण तो काय व्यायाम नव्हे.

शहापूरचा
हे पहिल्याच ओळीत लिहायचं की रे! सहाव्या बीमला काय होतं? पाठ दमते की पंजा सुटतो?

अनगोळकर_०७
पंजा. बोटं आपोआप उघडतात. पाठीला काहीच होत नाही.

शहापूरचा
मग तू पाठ फेल करतच नाहीस. पाळीभर बॉक्स धरून पंजा आधीच संपलेला असतो, बारवर फक्त कळतं. पाठीची खरी ताकद किती ते अजून तुलाच माहीत नाही. रात्रीचे बीम आजपासून बंद. रनिंग झाल्यावर तासाभरानं मार, एक दिवस आड. शेवटी नुसतं लटकून राहा, वीस-तीस सेकंद. फेल होईपर्यंत दहा दिवसांतून एकदाच, तेही सुट्टीच्या सकाळी.

डॉ_चिकोडी
एक सांगते. असल्या मेहनतीनंतर लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, अंग सुजलं, तर दुखणं अंगावर काढू नको, त्याच दिवशी दवाखाना गाठ. स्नायू तुटून किडनीवर येतं. आणि झोप किती होते?

अनगोळकर_०७
साडेचार तास. रविवारी सुट्टी आहे, सकाळी मारून आकडा लिहितो.

तालीमवाले काका
पंजाच सुटत असेल तर ओला टॉवेल पिळ रोज. आणि बार धरण्याआधी हाताला माती लाव.

अनगोळकर_०७
भरतीत लावू देतात का, काका?