माळढोक पक्षी जातोय आणि आपण जिराफासाठी वर्गणी काढायची?

जुळेसोलापूरकर: २१ जूनला जागतिक जिराफ दिन असतो. सोसायटीतल्या पोरांसाठी कार्यक्रम करून जमेल ती वर्गणी आफ्रिकेत पाठवावी असं मनात आहे. दिवाळीत लेकीला म्हैसूरचं प्राणिसंग्रहालय दाखवलं. जिराफाने हातभर लांब, काळपट-जांभळी जीभ बाहेर काढली, फांदीला वेढा घातला आणि पाला ओरबाडला. लेक तिथून हलेना. एवढ्या मानेत मणके आपल्याइतकेच, सात! १९८५च्या सुमारास दीड लाखावर असलेले जिराफ २०१५पर्यंत लाखाच्या आत आले. हत्ती-गेंड्यांसारखी त्याची बातमी कुठे झाली?

नान्नजचा शेतकरी: राग मानू नका, पण पैसा इथंच राहू द्या. १९७९ला माळढोकासाठी अभयारण्य झालं ते आमच्याकडं. लहानपणी आजोबांबरोबर मेंढरांमागं जाताना गळ्याची पिशवी फुगवून उभा असलेला नर मी डोळ्यांनी बघितलाय. माझ्या पोराने अजून एकही बघितला नाही. घरचं पाखरू जाताना परदेशाची काळजी मला तरी पटत नाही.

जुळेसोलापूरकर: तुमचं दुःख खरं आहे. पण नायजर देशाचं बघा. १९९०च्या दशकात पश्चिम आफ्रिकी जिराफ पन्नासच्या आत उरले होते. सरकारने शिकार बंद केली, गावकऱ्यांनी त्यांना शिवारात राहू दिलं. आज ते सहाशेच्या वर आहेत. तिथंही बाजरीचीच रानं आहेत हो. माणूस आणि जनावर एका शिवारात कसे राहतात, हे नान्नजलाही शिकण्यासारखं नाही का?

गुरांचा डॉक्टर: युगांडात दुसऱ्या जनावरांसाठी लावलेल्या तारेच्या फाशात जिराफाचा पाय अडकतो. तार काढायला भूल द्यावी लागते, पण ती जास्त वेळ ठेवली तर जिवावर बेततं. म्हणून तो आडवा होताच उतारा देतात, माणसं मानेवर बसून दाबून धरतात आणि तेवढ्यात तार कापतात. असले फास आपल्याकडंही ससा-डुकरांसाठी लावतात. माझं मत वर्गणीच्या बाजूने.

नान्नजचा शेतकरी: बाजरीचं पटलं. तरी जिराफ सहाशे झाले, माळढोक बोटावर मोजण्याइतकेही दिसत नाहीत. आधी कोण, हे माझ्यासाठी ठरलेलं आहे. वर्गणीत मी नाही. पण कार्यक्रमाआधी पोरांना एका सकाळी माळावर आणा. काळवीट मी दाखवतो, आणि फास दिसला तर तो कसा काढायचा तेही.

जुळेसोलापूरकर: १४ जूनचा रविवार चालेल? पहाटे पाचला निघतो.