मदत हवी आहे: गोठताना पाण्याचं तापमान वाढलं, तरी हा भौतिक बदलच?

भाचा सातवीत आहे. 'गोठणे हा भौतिक बदल' हे त्याला पाठ आहे, पण पटत नाही. आणि मला पटवून देता येत नाहीये.

झालं असं, की त्याने स्वच्छ बाटलीत शुद्ध केलेलं पाणी भरलं, आत डिजिटल तापमापीची काडी सोडली आणि बाटली फ्रीझरमध्ये ठेवली. आकडा शून्याखाली गेला, पार उणे ५ पर्यंत, तरी पाणी आपलं पाणीच! मग बाटलीला जरा धक्का लागला, आत सुया सुया पसरल्या आणि आकडा सरळ शून्यावर चढला. पुढे कितीतरी वेळ तिथेच. भाचा म्हणतो, "फ्रीझरमध्ये असून आपोआप तापलं, म्हणजे रासायनिक अभिक्रियाच." मी "परत वितळतं ना, मग भौतिक" म्हणत वेळ मारून नेली. त्यावर "फाडलेला कागद कुठे परत जुळतो? तो कसा भौतिक?" गप्प बसले. कुणी नीट समजावेल का?

प्रतिसाद १
भाच्याला शाबासकी! त्याने पाहिलं ते अतिशीतन. बर्फाचा पहिला स्फटिक धरायला धुळीचा कण, एखादा ओरखडा असा काहीतरी आधार लागतो. तो नसला तर पाणी शून्याखालीही द्रव राहतं. धक्क्याने सुरुवात झाली की रेणू जागेवर बसताना ऊर्जा सोडतात, दर ग्रॅमला ३३४ ज्यूल. हाच अप्रकट उष्मा (आमच्या वेळी सुप्त उष्णता म्हणायचे). उणे ५ वरून शून्यावर यायला ग्रॅममागे २१ ज्यूल पुरतात, म्हणजे १०० ग्रॅम पाण्यातलं सहा-साडेसहा ग्रॅम गोठलं की झालं. उरलेलं सावकाश गोठतं, म्हणून आकडा अडकला.

प्रतिसाद २
उष्णता बाहेर पडली म्हणजे रासायनिक, हा निकषच लंगडा आहे. वाफेचं पाणी होताना याच्या जवळपास सातपट उष्णता सुटते, त्याला कुणी अभिक्रिया म्हणत नाही. 'परत येतं का' हेही सोडा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतला बदल उलटवता येतो, तरी तो रासायनिकच. विचारायचं एवढंच, की रेणू तोच राहिला का? बर्फातही एका ऑक्सिजनला दोनच हायड्रोजन. बदलली ती रेणूंची बसण्याची तऱ्हा. हायड्रोजन बंधांमुळे ते ऐसपैस षटकोनी जाळीत बसतात, म्हणून आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं. बाटली काठोकाठ भरली नव्हती ना?

प्रतिसाद ३
त्याला प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून दाखवा. तेही घट्ट होतं, तेही तापतं, पण तिथे पाणी भुकटीशी जोडलं जाऊन जिप्सम तयार होतं. पदार्थच नवा. दिसायला दोन्हीकडे पातळाचं घट्टच झालं.

धागाकर्ती
बाटली अर्धीच भरली होती, वाचली. कागदाचं कोडं त्याचं त्यानेच सोडवलं: "फाटला तरी कागदच की!" आता उद्या प्लास्टर. त्यात हात बुडवून पंजाचा ठसा घ्यायचाय म्हणे.

प्रतिसाद ३
हात अजिबात नको! घट्ट होताना ते कातडी भाजण्याइतकं तापू शकतं, आणि तोवर हात आत अडकलेला असतो. कागदी कपात कालवा आणि तापमापीची काडी कपाला बाहेरून चिकटवा, नाहीतर तीही आतच राहील.