शब्दचर्चा : पेशींचे 'आवेष्टन' की 'संपुटन'?

प्रश्न : प्राण्यांच्या जिवंत पेशी बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) पातळ पटलात बंद करून वाढवतात. या क्रियेला कुणी 'आवेष्टन' म्हणतो, कुणी 'संपुटन', तर कुणी नुसतेच 'कॅप्सूलमध्ये भरणे'. लिहिताना कोणता शब्द घ्यावा?

प्रतिसाद : संपुटन. वेष्टन बाहेरून गुंडाळलेले असते, आतल्या वस्तूशी त्याचा व्यवहार नसतो. संपुट म्हणजे सगळीकडून मिटलेली पोकळी, आणि इथे खरोखर पोकळीच तयार करतात. पेशी सोडियम अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या बहुवारिकाच्या) द्रावणात मिसळून त्याचे थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडतात. थेंब गोठून जेलचे मणी होतात. मण्यांवर पॉलिलायसीन या दुसऱ्या बहुवारिकाचा थर देतात. अल्जिनेट ऋणभारित आणि पॉलिलायसीन धनभारित, त्यामुळे दोन्ही एकमेकांना घट्ट धरतात आणि पटल बनते. मग सायट्रेटने आतले कॅल्शियम काढून घेतले की गाभा पुन्हा पातळ होतो आणि पेशी पटलाच्या आत मोकळ्या राहतात.

पुष्कळ जण नुसत्या मण्यांनाही संपुट म्हणतात. मला ते पटत नाही. जेलमध्ये अडकलेल्या पेशींसाठी 'स्थिरीकरण' हा चांगला शब्द आपल्याकडे आहे, तोच वापरावा.

प्रश्नकर्ता : पण संपुट म्हटले की ते पूर्ण बंद वाटते. मग आत अन्न कसे पोचते?

प्रतिसाद : म्हणून पटलाचे 'अर्धपारगम्य' (लहान रेणू जाऊ देणारे, मोठे अडवणारे) हे विशेषण गाळू नये, सगळा अर्थ तिथे आहे. ग्लुकोजचा रेणू १८० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूचे वस्तुमान मोजण्याचे एकक), इन्सुलिनचा सुमारे ५,८०० डाल्टनचा. दोन्ही पटलातून जातात. परक्या पेशींवर हल्ल्यासाठी शरीर बनवते ते प्रतिपिंड (अँटिबॉडी) सुमारे १,५०,००० डाल्टनचे, ते अडते. याच जोरावर १९८० साली लिम आणि सन या संशोधकांनी स्वादुपिंडातल्या द्वीपिका (इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके) संपुटांत घालून मधुमेही उंदरांच्या शरीरात सोडल्या. त्या काही आठवडे काम करत राहिल्या. चँग या संशोधकांनी तर १९५७ मध्येच मॅकगिल विद्यापीठात अशा पटलांचा विचार मांडला होता, त्यांचा शब्द 'कृत्रिम पेशी'. ऑक्सिजन मात्र फार आतवर पोचत नाही, म्हणून संपुट सहसा मिलिमीटरपेक्षा लहान ठेवतात. मोठे केले की मधल्या पेशी गुदमरतात.

दुसरा प्रतिसाद : 'संपुटन' मलाही मान्य. एक पुस्ती जोडतो. अशा लेखांत 'पटल' दोन अर्थांनी येऊन गोंधळ होतो. पेशीचे स्वतःचे ते 'पेशीपटल' म्हणावे, बाहेरचे 'संपुटपटल'. बाहेरच्या थराला 'पेशीभित्तिका' तर कधीच म्हणू नये. प्राणिपेशीला भित्तिका नसते, म्हणूनच पेशी वाढवण्याच्या ढवळत्या टाकीत तिला इजा होते आणि संपुटाचा आडोसा लागतो. हायब्रिडोमा (प्रतिपिंडे बनवणाऱ्या संकरित) पेशी अशा वाढवल्या तर प्रतिपिंडे संपुटातच साचतात. मग संपुटे धुऊन, फोडून ती काढून घेता येतात.

प्रश्नकर्ता : आणि पेशी वाढवण्यासाठी 'संवर्धन' हा शब्द? निसर्गसंवर्धनात त्याचा अर्थ जपणूक असा होतो.

दुसरा प्रतिसाद : पेशींच्या बाबतीत संवर्धन म्हणजे पोषक माध्यमात जगवणे, वाढवणे. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवणे ते 'जतन'. टाकीतल्या संपुटांसाठी 'संपुटित पेशींचे संवर्धन' बरोबर आहे. उंदराच्या शरीरात सोडलेल्या द्वीपिकांसाठी मात्र 'संपुटित पेशींचे रोपण' असेच लिहावे.