हुआनिता ब्रूक्स यांना मॉर्मन चर्चने बहिष्कृत का केले नाही?

शोधयात्री:
इतिहासलेखिका फॉन ब्रोडी यांनी १९४५ साली अमेरिकेतील मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी मॉर्मन चर्चने त्यांना बहिष्कृत केले. हुआनिता ब्रूक्स यांनी १९५० साली अमेरिकेच्या युटा राज्यातील माउंटन मेडोज येथील १८५७ च्या हत्याकांडावर ग्रंथ लिहिला, जो चर्चला तितकाच अडचणीचा होता. तरीही त्या अखेरपर्यंत चर्चच्या सदस्य राहिल्या. हा भेद कशामुळे?

दीपमाळ:
माझ्या मते दोघींच्या लेखनाचा रोखच निराळा होता. ब्रोडी यांनी संस्थापकाच्या साक्षात्कारावरच शंका घेतली. ते मान्य केले तर धर्माचा पायाच उरत नाही. ब्रूक्स यांनी श्रद्धेला हात न लावता श्रद्धावंतांच्या कृत्याचा जाब विचारला. ११ सप्टेंबर १८५७ रोजी दक्षिण युटामधील माउंटन मेडोज येथे स्थानिक मॉर्मन सैनिकांनी सुरक्षित वाट देण्याचे वचन देऊन, प्रामुख्याने आर्कान्सामधून आलेल्या सुमारे १२० स्थलांतरितांना शस्त्रे खाली ठेवायला लावली आणि त्यांची कत्तल केली; १७ लहान मुले तेवढी वाचली. दोष आधी पाय्यूट आदिवासींवर ढकलला गेला आणि शेवटी हत्याकांडात सामील असलेल्यांपैकी एकट्या जॉन डी. ली यांना १८७७ मध्ये त्याच जागी गोळ्या घालण्यात आल्या. तेव्हाचे चर्चप्रमुख ब्रिगम यंग यांनी हत्येचा हुकूम दिल्याचे ब्रूक्स म्हणत नाहीत, मात्र नेत्यांच्या भडक भाषणांनी वातावरण पेटले आणि मागाहून सत्य दडपण्यात यंग यांचाही हात होता, हे त्या स्पष्ट मांडतात.

जुनी_पाने:
याला ब्रूक्स यांच्या आयुष्याची जोड द्यायला हवी, कारण हा विषय त्यांनी ग्रंथालयात बसून निवडलेला नव्हता. १८९८ साली नेवाडातील बंकरव्हिल या मॉर्मन खेड्यात त्या जन्मल्या. तरुण शिक्षिका असताना नेफाय जॉन्सन या वृद्धाने आपली हकिकत लिहून घेण्याची त्यांना विनंती केली. त्या पोहोचल्या तेव्हा तो मृत्युशय्येवर होता आणि भ्रमात ‘रक्त, रक्त’ असे ओरडत होता. तो हत्याकांडात सामील होता, हे त्यांना तेव्हा कळले. पहिले पती लग्नानंतर वर्षाहून थोड्याच अधिक काळात कर्करोगाने गेले. पदरी लहान मुलगा असताना त्यांनी शिक्षण पुरे केले, कोलंबिया विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेतली आणि सेंट जॉर्ज येथील डिक्सी कॉलेजात शिकवले. पुढे विधुर विल ब्रूक्स यांच्याशी विवाह झाल्यावर घर मुलांनी भरले. शेजारीण आली की टंकलेखनयंत्र इस्त्रीच्या कपड्यांखाली लपवायचे, असा त्यांचा दिनक्रम सांगतात. (संशोधनासाठी सवड हवी म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.) ज्यांच्या वाडवडिलांबद्दल त्या लिहीत होत्या, त्यांच्यातच त्या राहत होत्या, त्यामुळे बाहेरच्या निंदकाचा शिक्का त्यांच्यावर मारणे कठीण होते.

शोधयात्री:
आभारी आहे. मग चर्चने काहीच केले नाही, असे समजायचे का?

दीपमाळ:
बहिष्कार टळला, दबाव टळला नाही. १९६१ मध्ये चर्चने ली यांचे सदस्यत्व मरणोत्तर बहाल केले. ही गोष्ट प्रसिद्ध करू नये, केल्यास ते सदस्यत्व परत घेतले जाईल, असे ब्रूक्स यांना वरून सांगण्यात आले होते. लिहून झालेल्या ली यांच्या चरित्रात त्यांनी ती छापलीच, आणि बहाल केलेले सदस्यत्व काही परत घेतले गेले नाही.