वायफाय जोडलेलं दिसतंय पण नेट नाही, राउटर रिसेट केल्यावर तर अजूनच गोंधळ

खिडकीतली_मांजर
गुरुवार, रात्री ९.१२

मंडळी अर्जंट मदत पाहिजे. आम्ही वडगाव बुद्रुकला राहतो, फायबरचं कनेक्शन आहे. आज गुरुवार, सकाळी दहाला लाइट गेली ती चार वाजून गेल्यावर आली (पाणीही नव्हतं, असो) आणि तेव्हापासून नेटचं काहीतरी बिनसलंय.

घरात दोन डबे आहेत. एक कंपनीने दिलेला पांढरा, त्यात भिंतीतून ती बारीक फायबरची वायर येते, आणि दुसरा आमचा स्वतःचा काळा राउटर, चारेक वर्षं जुना, कारण पांढऱ्याची रेंज आतल्या खोलीत येत नाही. पांढऱ्याचं वायफाय बसवायला आलेल्या मुलानेच बंद करून ठेवलंय, सगळं घर काळ्यावर चालतं. पांढऱ्यावर पीओएनची हिरवी लाइट लागलेली आहे, लाल काही नाही. काळ्यावर पॉवर आणि वायफायच्या लाइट आहेत पण ती पृथ्वीसारखं चित्र असलेली लाइट केशरी झालीये, एरवी हिरवी असते.

गंमत म्हणजे संध्याकाळी सासूबाईंचा मोबाईल व्यवस्थित चालत होता, त्यांची मालिका एकदाही अडकली नाही, आणि त्याच वायफायवर माझा लॅपटॉप आणि नवऱ्याचा फोन मात्र "कनेक्टेड, नो इंटरनेट". मी वैतागून काळ्याच्या मागच्या बारीक भोकात सेफ्टी पिन घालून पंधरा सेकंद दाबून धरली. आता वायफायचं नाव बदलून कंपनीचं काहीतरी लांबलचक आलंय आणि सासूबाईंचंही नेट गेलंय. घरातलं वातावरण कसं आहे ते सांगत नाही.

कस्टमर केअरचं रेकॉर्डिंग म्हणतंय तुमच्या भागात कोणतीही अडचण आढळली नाही. माणूस शनिवारी येणार. उद्या साडेदहाला माझा क्लायंट कॉल आहे आणि मोबाईलचा आजचा डेटा संपत आलाय.

मिसळ_कमी_तिखट
रात्री ९.२०

दोन्ही डबे बंद करा, दोन मिनिटं थांबा, आधी फक्त पांढरा चालू करा आणि त्याच्या लाइट स्थिर झाल्यावरच काळा चालू करा. लाइट गेल्यावर दोन्ही एकदम चालू होतात, पांढऱ्याला तयार व्हायला वेळ लागतो आणि काळा आधीच उठून बसतो, कधी कधी त्यानेच घोळ होतो. ९० टक्के वेळा एवढ्यात काम होतं.

खिडकीतली_मांजर
रात्री ९.३४

केलं. मी उरलेल्या १० टक्क्यांत आहे.

शनिवारपेठी
रात्री ९.३६

सेफ्टी पिन हाताला लागली की लोकांना राउटर का आठवतो हे मला आजवर कळलेलं नाही. ते भोक कंपनीने इतकं बारीक केलंय ते कोणाचं बोट जाऊ नये म्हणूनच. आता त्यात युजरनेम पासवर्ड असेल तर तोही पुसला गेला.

कात्रजचा_बोगदा
रात्री ९.४१

+१. माझं हेच झालेलं. आमच्याकडे गल्लीतला केबलवाला आहे, पीपीपीओई म्हणजे युजरनेम पासवर्ड राउटरमध्येच टाकावा लागतो. मी रिसेट मारला आणि मग आठवलं की पासवर्ड लिहून ठेवलेला कागद गाडीच्या डिकीत होता आणि गाडी विकून झाली होती. केबलवाल्याचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंद. पुढे नवीन राउटर आणला तर तोही चालेना कारण त्यांनी माझ्या जुन्या राउटरचा मॅक अॅड्रेस, म्हणजे प्रत्येक डब्याचा स्वतःचा ओळख नंबर, बांधून ठेवला होता, शेवटी नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये मॅक क्लोन केला तेव्हा कुठे नेट आलं. तर ताई तुमचा आधी पासवर्ड शोधा.

आणि हो, अॅडॉप्टर बघा. माझा एकदा अॅडॉप्टर म्हातारा झाला होता, लाइट सगळ्या लागायच्या पण व्हिडिओ सुरू केला की राउटर स्वतःच रीस्टार्ट. तपकीर गल्लीतून नवीन आणला आणि प्रश्न मिटला. घेताना जुना बरोबर न्यायचा, कारण ९ व्होल्टचा आणि १२ व्होल्टचा दोन्हींची पिन सारखीच बसते आणि ९ च्या जागी १२ लावला तर राउटरला अग्नी द्यावा लागेल.

निवृत्त_लाइनमन
रात्री ९.५८

जरा थांबा सगळे. ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पासवर्ड आणि अॅडॉप्टर नंतर बघू.

मी टेलिफोन खात्यात वायरींमध्येच आयुष्य काढलं. आमच्या वेळी फोन बंद पडला की पहिला प्रश्न एकच, डायलटोन कुठपर्यंत येतोय. खांबापर्यंत आहे का, डीपी बॉक्सपर्यंत आहे का, घरातल्या रोझेटपर्यंत आहे का. जिथे आहे आणि जिथे नाही त्याच्या मध्ये दोष. तुमच्या पांढऱ्या डब्यावर पीओएन हिरवी स्थिर आणि एलओएस, म्हणजे सिग्नल तुटल्याचं सांगणारी लाइट, लाल नाही म्हणजे एक्स्चेंजपासून तुमच्या भिंतीपर्यंत उजेड व्यवस्थित येतोय. लाल लुकलुकत असती तर तुम्ही घरात काहीही केलं असतं तरी उपयोग नव्हता, फायबर कुठेतरी तुटली किंवा दुमडली असती आणि माणूसच बोलवावा लागला असता. म्हणजे दोष घरात आहे, त्या दोन डब्यांच्या आसपास.

आता सासूबाईंचा मोबाईल. एकाच वायफायवर एकाला नेट आहे आणि दुसऱ्याला नाही, हे अॅडॉप्टर खराब असेल तर होत नाही, पासवर्ड गेला तरी होत नाही. मला शंका वेगळीच आहे पण आधी दोन गोष्टी करून सांगा. एक, दोन डब्यांना जोडणारी वायर काळ्यातून काढून थेट लॅपटॉपला लावा आणि नेट येतं का बघा. दोन, ती काढताना काळ्याच्या कुठल्या भोकात होती ते नीट बघा, रंग सांगा.

हिरव्या टोकाच्या बारीक वायरला हात लावू नका, आणि ती कधी निघालीच तर तिच्या टोकात डोकावू नका, त्यातला उजेड डोळ्यांना दिसत नाही.

खिडकीतली_मांजर
रात्री १०.१७

काका ऑफिसच्या लॅपटॉपला ते भोकच नाहीये, नवऱ्याचा जुना माळ्यावरून काढला, त्याचा चार्जर शोधण्यात वेळ गेला.

थेट पांढऱ्याला लावल्यावर नेट आलं!! काहीच पासवर्ड मागितला नाही.

आणि वायर पिवळ्या भोकात होती. चार पिवळी आहेत त्यातल्या पहिल्यात. बाजूला एक निळं आहे ते रिकामं आहे, त्याच्यावर धूळ पण नाहीये, बाकीच्यांवर आहे.

शनिवारपेठी
रात्री १०.१९

धूळ नाही म्हणजे आजच रिकामं झालं. गुन्हा उघड.

निवृत्त_लाइनमन
रात्री १०.३१

सापडलं. पासवर्ड नाही लागला म्हणजे तो पांढऱ्या डब्यातच भरलेला आहे, तेव्हा रिसेटमुळे तो गेला नाही, बोगद्याच्या केबलवाल्यासारखी तुमची भानगड नाही.

आता झालं काय ते सांगतो. निळं भोक म्हणजे सोसायटीचं गेट, पिवळी चार म्हणजे आतले जिने. बाहेरून येणारी वायर निळ्यातच पाहिजे. ती पिवळ्यात घातली की काळ्या राउटरला वाटतं गेटवर कोणीच नाही, म्हणून पृथ्वी केशरी. पण पांढरा आणि काळा आता एकाच आवारात आले, आणि दोघंही वॉचमन आहेत, दोघंही येणाऱ्या प्रत्येक मोबाईलला पास फाडून देतात, त्याला डीएचसीपी म्हणतात. ज्याचा पास आधी हातात पडेल तो घ्यायचा. सासूबाईंच्या मोबाईलला पांढऱ्याचा पास मिळाला, त्याला बाहेरचा रस्ता माहीत आहे, म्हणून मालिका चालली. तुमच्या लॅपटॉपला आणि मिस्टरांच्या फोनला काळ्याने पास दिला, त्याचं गेट बंद. जोडलेलं दिसणार पण बाहेर जाता येणार नाही.

मग तुम्ही पिन टोचलीत. रिसेटनंतर काळ्याचा स्वतःचा पत्ता बहुतेक मूळच्या १९२.१६८.१.१ वर गेला आणि पांढऱ्याचाही तोच असणार. आता दोन वॉचमन, दोघांचं नावही एकच. हाक मारली की दोघंही ओ देणार. खात्री करायची असेल तर वायर पुन्हा होती तशी पिवळ्यात लावा आणि ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका, इंग्रजी आकड्यांत, आणि कोणाचं पान उघडतं बघा.

खिडकीतली_मांजर
रात्री १०.४०

काका!! एकदा पांढऱ्याच्या कंपनीचं पान आलं, वायफाय बंद चालू करून परत टाकलं तर काळ्याचं आलं. भूत आहे असं वाटलं.

मी आत्ता वायर निळ्यात लावली. पृथ्वी अजून केशरीच.

निवृत्त_लाइनमन
रात्री १०.५२

असणारच. नवे राउटर दोन्हीकडे सारखा पत्ता दिसला की स्वतःचा आपोआप बदलतात, तुमचा जुना आहे, त्याला ते जमत नसावं. पूर्वी बसवणाऱ्या मुलाने काळ्याचा पत्ता बदलून दिलेला असणार, तो रिसेटमध्ये गेला.

निळ्यातली वायर काढून टाका, पांढरा डबा पूर्ण बाजूला. जुना लॅपटॉप काळ्याच्या पिवळ्या भोकाला लावा. तोच पत्ता टाका, आता काळ्याचंच पान येईल. लॉगिन पासवर्ड डब्याच्या खाली स्टिकरवर असतो, किंवा पहिल्यांदा उघडल्यावर नवीन बनवायला सांगेल. आत लॅन सेटिंगमध्ये जाऊन आयपी १९२.१६८.१०.१ करा, सेव्ह करा, तो रीस्टार्ट होईल. त्यानंतर पान त्या नव्या पत्त्यावर उघडेल, जुन्यावर नाही, इथे बरेच जण घाबरतात. मग वॅन किंवा इंटरनेट असं लिहिलेल्या ठिकाणी प्रकार डायनॅमिक आयपी ठेवा, पीपीपीओई नको. आता वायर निळ्यात.

आणि वायफायचं नाव आणि पासवर्ड पूर्वी होता अगदी तोच ठेवा, कॅपिटल स्मॉल स्पेससकट. मग घरातले सगळे फोन स्वतःहून जोडले जातील, सासूबाईंना काही सांगावं लागणार नाही.

मिसळ_कमी_तिखट
रात्री १०.५८

काका बरोबर आहे पण याने डबल नॅट होतो, पांढराही राउटर आणि काळाही राउटर. त्यापेक्षा काळ्याला अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, पास देण्याचं काम एकट्या पांढऱ्याकडे ठेवा, नीटनेटकं होतं.

निवृत्त_लाइनमन
रात्री ११.०३

मान्य, मीही घरी तसंच ठेवलंय. पण त्यांना उद्या साडेदहाला कॉल आहे आणि रात्रीचे अकरा वाजलेत. व्हिडिओ कॉलला आणि मालिकेला डबल नॅटने काही होत नाही. शनिवारी सुट्टीच्या दिवशी करा प्रयोग.

खिडकीतली_मांजर
रात्री ११.२९

हिरवी झाली!!!!

पत्ता बदलल्यावर पान उघडेना तेव्हा परत पिन शोधायला निघाले होते, मग काकांचं "इथे बरेच जण घाबरतात" आठवलं. वायफायचं नाव जुनंच ठेवलं तर नवऱ्याचा फोन, माझा लॅपटॉप, प्रिंटर सगळे गुपचूप जोडले गेले. फक्त टीव्ही वायफाय दाखवतच नाहीये.

कात्रजचा_बोगदा
रात्री ११.३३

जुना टीव्ही असेल तर त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झ दिसतं, ५ चं दिसत नाही. रिसेटमध्ये २.४ चं नाव वेगळं राहिलं असेल, बघा सेटिंगमध्ये दोन्हींची नावं स्वतंत्र असतात.

खिडकीतली_मांजर
रात्री ११.४१

हो तेच होतं, ५ चंच नाव बदललं होतं मी. टीव्ही लागला. आता सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवलेत आणि निळ्या भोकाशेजारी पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर "इथेच" असं लिहिलंय.

शनिवारपेठी
रात्री ११.४४

मुख्य प्रश्न राहिला. वायर कोणी हलवली?

खिडकीतली_मांजर
शुक्रवार, दुपारी १२.२०

कॉल झाला, एकदाही अडकला नाही. काका खरंच खूप आभार.

वायरीचं सकाळी चहाच्या वेळी कळलं. सासऱ्यांनी काल लाइट गेलेली बघून टीव्हीच्या मागचा पसारा आवरायला घेतला, सगळ्या वायरी काढल्या, ओल्या फडक्याने पुसल्या आणि परत लावल्या. निळं भोक एकटंच बाजूला होतं म्हणून त्यांना ते जास्तीचं वाटलं आणि चार पिवळी ओळीत होती म्हणून पहिल्यात लावली. "मी तर जिथल्या तिथे लावलं होतं, तूच पिन टोचलीस" असं म्हणाले, सासूबाईंनी मान डोलावली. फायबरची वायर मात्र "ही काचेची दिसते" म्हणून त्यांनी सोडून दिली होती, देवाची कृपा.

मिसळ_कमी_तिखट
दुपारी १२.३१

भारी. शनिवारी अॅक्सेस पॉइंट मोड करायचा असेल तर सांगा. तो मोडच नसेल तुमच्या मॉडेलमध्ये तरी हाताने जमतं, काळ्याचा डीएचसीपी बंद करायचा, पत्ता पांढऱ्याच्या ओळीतलाच पण वेगळा ठेवायचा, १९२.१६८.१.२ वगैरे, आणि वायर निळ्यातून काढून पिवळ्यात घालायची.

खिडकीतली_मांजर
दुपारी १२.३४

पिवळ्यात???

निवृत्त_लाइनमन
दुपारी १२.५०

हो, त्या पद्धतीत पिवळ्यातच. वॉचमन एकच राहिला की गेट कुठलं याला अर्थ राहत नाही. सासऱ्यांचं अर्धं काम झालंच होतं म्हणायचं, डीएचसीपी तेवढं बंद करायचं राहिलं.

खिडकीतली_मांजर
दुपारी १२.५२

हे मी घरात कोणालाही सांगणार नाहीये. चिकटपट्टी आहे तिथेच राहू दे.