दिव्यांग विद्यार्थ्यांचा सल्लागार पूर्णवेळच हवा, कुणा प्राध्यापकाच्या गळ्यात मारलेला नको

पायवाट:
सहा वर्षं एका विद्यापीठात दिव्यांग विद्यार्थ्यांची सल्लागार म्हणून काम करतेय. माझ्याआधी हे काम एका प्राध्यापकांकडे 'अतिरिक्त कार्यभार' होतं. माणूस सज्जन, पण स्वतःचे तास, नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फायली आणि पेपर तपासणी यांतून वेळ उरला तर तो या मुलांचा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारची अपंगत्वं मान्य केली, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 5 टक्के जागा राखल्या. प्रवेश होतो. अडचणी त्यानंतर सुरू होतात. नोट्स म्हणून स्कॅन केलेली पानं येतात. आपल्याला ती अक्षरं दिसतात, स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, तो नुसता फोटो. प्रयोगशाळेतलं टेबल व्हीलचेअरवर बसलेल्या मुलाच्या हनुवटीला लागतं. मागच्या सत्रात एका अल्पदृष्टी मुलीचा लेखनिक, म्हणजे ती सांगेल ते उत्तर लिहिणारा, पेपरच्या दिवशी सकाळी तापाने फणफणला. साडेनऊला तिचा फोन, अकराला पेपर. दुसरा लेखनिक, त्याच्या शिक्षणाचा दाखला, परीक्षा विभागाची सही, वेगळी खोली, तीन तासांना एक तास जादा वेळ. सगळं दीड तासात. वर्गावर असलेल्या प्राध्यापकाने हा फोन उचलायचा कधी?

फळा_खडू:
मॅडम, कळकळ पोचली, पण मी विरोधात आहे. तालुक्याच्या कॉलेजात 22 वर्षं संख्याशास्त्र शिकवतोय. आमच्याकडे अशी नऊ मुलं. शिकवायच्या जागाच रिकाम्या, निम्मे लोक तासिका तत्त्वावर. तिथे सल्लागाराचं पद मंजूर कोण करणार?

आणि झालंच, तर मला भीती वेगळीच वाटते. एक अंध मुलगा वर्गात आला म्हणून मी फळ्यावरची प्रत्येक पायरी तोंडाने बोलायला शिकलो. 'हे इकडून तिकडे गेलं' असं आता म्हणत नाही. काय गेलं, कुठे गेलं, चिन्ह कसं बदललं, सगळं उच्चारतो. मागच्या बाकांवरच्या मुलांनाही गणित जास्त कळायला लागलं. उद्या पाटी लावलेली खोली झाली की जो तो म्हणणार, 'बाळा, त्या मॅडमना भेट.' शिकवणाऱ्याची जबाबदारी त्या खोलीत जाऊन पडेल.

पायवाट:
सर, तुम्ही निवृत्त झालात की तुमच्याबरोबर हे सगळं जाईल, माझा आक्षेप तिथे आहे. दुसरं असं, की नैराश्याची औषधं घेणारी किंवा फिट येणारी मुलं आपली अडचण अंतर्गत गुण देणाऱ्या शिक्षकाला सांगत नाहीत. त्यांना गुण न देणारा माणूस लागतो.

उंबरठा:
मी स्वतः अंध आहे, एम.ए. करतेय. पूर्णवेळ सल्लागाराचा अनुभव घेतलाय. मॅडम प्रेमळ होत्या, पण माझ्यासमोरच सरांना म्हणायच्या, 'हिला जरा सांभाळून घ्या.' एकदा मला न विचारता घरी फोन केला. मी 21 वर्षांची होते! पूर्णवेळ की अर्धवेळ हा वाद नंतर करा. आधी हे ठरू दे, की माझ्याविषयी कुणाशीही बोलण्याआधी मला विचारलं जाईल. शिक्षकांना पाठवायचं पत्र मला वाचता येईल अशा स्वरूपात आधी माझ्याकडे येऊ दे, मग ते बाहेर जाऊ दे.

लीड्सकर:
मी ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात हेच काम करतो, पूर्णवेळ. इथे 2010 च्या समानता कायद्यानुसार विद्यापीठाने अडचण येण्याची वाट न बघता आधीच तयारी ठेवायची असते. प्रत्येक विद्यार्थ्याचा मदत-आराखडा त्याच्या संमतीने शिक्षकांकडे जातो. तरी तो उघडूनही न पाहणारे भेटतात, त्यामुळे फळा_खडू सरांची भीती खोटी नाही.

ब्रिस्टल विद्यापीठातल्या नताशा एब्राहार्टचं प्रकरण आम्हाला विसरता येत नाही. भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी, लोकांसमोर बोलण्याची तीव्र भीती, आणि गुण मात्र तोंडी परीक्षेवर. एप्रिल 2018 मध्ये तिने आयुष्य संपवलं. परीक्षेच्या पद्धतीत योग्य तो बदल न केल्याबद्दल 2022 मध्ये न्यायालयाने विद्यापीठाला दोषी धरलं, आणि 2024 मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. तिची अडचण शिक्षकांना दिसत होती. दिसल्यावर निदानाच्या कागदाची वाट बघायची नसते.

खिडकी_क्रमांक_4:
परीक्षा विभागात आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. कागदाशिवाय मी लेखनिक देऊ शकत नाही. बनावट दिव्यांग प्रमाणपत्रांच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात. चौकशी लागली तर सल्लागार बाजूला राहतो, सही माझी असते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, आणि त्यावर 40 टक्के अपंगत्व, एवढं मला दाखवा.

पायवाट:
तुमची भीती समजते, पण 40 टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे. लिहिताना हात आखडणाऱ्या विकाश कुमार यांना यूपीएससीने लेखनिक नाकारला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये हेच सांगितलं. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राची वेगळी मार्गदर्शक सूचनाही आली. 40 टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व असूनही लिहिता येत नसेल, तर सरकारी रुग्णालयातल्या सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र चालतं. म्हणजे कागद लागतोच, फक्त तो दुसरा कागद आहे. हे खिडकीवर माहीत नसल्यामुळे मुलं परत पाठवली जातात. मी तीन वेळा अशा मुलांबरोबर स्वतः गेलेय.

उंबरठा, तुझं म्हणणं मला लागलं. घरी फोन करण्याची चूक मीही पहिल्या वर्षी केली होती.

फळा_खडू:
निदान जिल्ह्याला एक पूर्णवेळ माणूस आणि प्रत्येक कॉलेजात एक जबाबदार शिक्षक, इथपर्यंत मी येतो. गुप्ततेचं मात्र पटत नाही. फिट येणारा मुलगा माझ्या तासाला पडला आणि मला काहीच ठाऊक नसेल, तर मी काय करायचं?

पायवाट:
सर, पहिल्याच भेटीत मी मुलाला विचारते, 'तू पडलास तर जवळच्यांनी काय करावं?' तो सांगतो: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, वेळ बघा. मग विचारते, 'हे कुणाला माहीत असावं असं तुला वाटतं?' बहुतेक जण थोडा वेळ गप्प बसतात आणि एखाद्या सरांचं नाव घेतात. त्या सरांकडे आम्ही दोघं मिळून जातो.