पायरोफॉस्फेटेजला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : जीवरसायनशास्त्राच्या टिपणांत 'पायरोफॉस्फेटेज' आले आहे. मराठी प्रतिशब्द आहे का? 'पायरो' म्हणजे अग्नी ना? पेशीत कसली आग? आणि 'डायफॉस्फेटेज' लिहिले तर चालेल का?

प्रतिसाद : आग पेशीत नाही, प्रयोगशाळेत होती. फॉस्फोरिक आम्ल तापवले की त्याच्या दोन रेणूंमधून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि उरलेले जोडले जातात. ते पायरोफॉस्फोरिक आम्ल. पायरोफॉस्फेटेज हे विकर (एन्झाइम) नेमके उलटे करते: पाणी घालून पायरोफॉस्फेटची जोडी सोडवते, दोन सुटे फॉस्फेट मिळतात. शेवटचे 'एज' 1833 सालच्या डायास्टेजपासून चालत आले आहे. अमायलेज, लायपेजमध्येही तेच. 'अग्निस्फुरदभंजक' वगैरे घडवू नका, भस्माच्या डबीवरचे नाव वाटेल.

प्रतिसाद : 'डायफॉस्फेटेज' चूक नाही ('डाय' म्हणजे दोन), पण एकटे लिहू नका. विकरांच्या अधिकृत यादीत (ईसी क्रमांक 3.6.1.1) नाव आहे 'इनऑरगॅनिक डायफॉस्फेटेज'. त्यातला 'असेंद्रिय' गाळला तर वाचणाऱ्याला एडीपी (अ‍ॅडेनोसिन डायफॉस्फेट) आठवणार, कारण तेही डायफॉस्फेटच, फक्त अ‍ॅडेनोसिनला जोडलेले. हे विकर सुट्या जोडीवर काम करते.

प्रतिसाद : क्रियेसाठी नुसते 'विघटन' ढोबळ होईल. पाणी लागते, म्हणून 'जलअपघटन'. हे काम किरकोळ समजू नका. डीएनएची साखळी वाढताना दर न्यूक्लिओटाइडमागे (साखळीच्या एकेका घटकामागे) एक पायरोफॉस्फेट सुटते. ते साचले तर विक्रिया उलटी फिरू शकते. ते लगेच मोडले गेले की परतीची वाट बंद. मेदाम्ले वापरासाठी सक्रिय होताना आणि अमिनो आम्ले टीआरएनएला (प्रथिने घडताना ती वाहून आणणाऱ्या रेणूला) जोडली जातानाही हाच प्रकार.

प्रतिसाद : थोडे अवांतर. यकृताच्या तपासणीत दिसणारे अल्कलाइन फॉस्फेटेज हाडांपाशीही असते आणि तेही पायरोफॉस्फेट मोडते. पायरोफॉस्फेट हाडांत खनिज साचू देत नाही. म्हणून अल्कलाइन फॉस्फेटेज जन्मतः कमी असेल तर हाडे मऊ राहतात. त्या आजाराला हायपोफॉस्फेटेशिया म्हणतात. मात्र अल्कलाइन फॉस्फेटेज इतरही फॉस्फेटसंयुगांवर चालते, त्यामुळे टिपणांत दोघांची नावे एकमेकांच्या जागी वापरू नका.

प्रश्नकर्ती : सर्वांचे आभार. मग असे लिहिते: 'पायरोफॉस्फेटेज (असेंद्रिय डायफॉस्फेटेज) : पायरोफॉस्फेटचे जलअपघटन करून दोन फॉस्फेट देणारे विकर.'

प्रतिसाद : उत्तम. जागा असेल तर मॅग्नेशियमचे आयन लागतात, तेही घाला.